माझी सुट्टी आणि ताईची ड्यूटी

अंगणवाडी सेविकेला सरकारने प्रत्येक गोष्टीचं रजिस्टर दिलेलं आहे. गरोदर बायांचं वेगळं, स्तनदा मातांचं वेगळं, लसींचं वेगळं, खिचडीच्या डाळ-तांदळाचं वेगळं. फक्त किश्शांचं रजिस्टर तेवढं दिलेलं नाही! त्यामुळे किस्से आपले साचत जातात, महिन्याच्या मीटिंगला चहाबरोबर बाहेर पडतात आणि पुढच्या मीटिंगला थोडे फुगून परत येतात. आमच्या बीबी गावाकडच्या बीटमध्ये, म्हणजे एका सुपरवायझरच्या हाताखाली, वीस-बावीस सेविका. एकीला शिंक आली तरी उरलेल्या एकवीस जणींना आठवडाभर पुरते.

हे किस्से माझ्या सुट्टीतले आहेत. आता सुट्टी कसली, ते एकदाच सरळ सांगून टाकते, म्हणजे पुढे गोंधळ नको.

आमची माय छातीतल्या गाठीने गेली. तिने ती गाठ पदराखाली लपवली, आम्हाला कळलं तेव्हा वेळ निघून गेली होती. मग माझी मोठी बहीण, शोभाताई. ती बीबीत सेविका, मी तिथून चार किलोमीटरवरच्या खेड्यात. ताईचे यजमान आधीच गेलेले, मुलगा पुण्यात कंपनीत. पंचेचाळिसाव्या वर्षी तिची डावी बाजू काढली. एकाच घरात दोन बायका म्हटल्यावर औरंगाबादच्या डॉक्टरांना शंका आली. त्यांनी रक्त तपासलं, तर हे आमच्या रक्तातूनच चालत आलेलं निघालं. मग माझं तपासलं. माझ्यातही तेच! मला गाठ नव्हती, दुखणं नव्हतं, काही नव्हतं. पण डॉक्टर म्हणाले, "एक तर दर सहा महिन्यांनी तपासत राहू. नाहीतर दोन्ही बाजू आत्ताच काढू आणि तिथे नवीन बसवू."

मी म्हणाले, विचार करते. आणि विचार करण्यात वर्ष घालवलं. तेवढ्यात हिवाळ्याच्या तोंडाशी ताईचं दुखणं परत आलं, या वेळी फुफ्फुसात. डॉक्टरांनी तिच्यापासून काही लपवलं नाही. ती बाहेर आली आणि बाकावर बसायच्या आधीच मला म्हणाली, "मी पायावर उभी हाय तोवर तुह्यं ऑपरेशन करून घे. मंग तुह्यं करणारं कोणी नाही."

आता ताई नाही. तिने माझ्यासाठी काढलेले ते तीनेक महिने आहेत, त्यांचेच हे किस्से.

*

घरच्यांना पटवणं ऑपरेशनपेक्षा अवघड. सासूबाई म्हणाल्या, "दुखत नाही, खुपत नाही, अन् चांगल्या अंगाले चाकू लावते! असं कोणी करते काय?" दवाखान्याच्या कागदावर नवऱ्याची सही लागत होती, तर आमचे मालक काहीच बोलले नाहीत. न बोलण्यात ते पटाईत आहेत.

ते वर्ष बोंडअळीचं. बीटीच्या कपाशीला अळी लागत नाही, असं ऐकत ऐकत आम्ही दहा-बारा वर्षं काढली होती. त्या वर्षी बोंडं वरून हिरवीगार, टरटरीत, आणि फोडलं की आत गुलाबी अळी. वेचायला बाया लावण्यात अर्थ उरला नाही. शेतीखात्याचा माणूस गावात येऊन एकच गोष्ट सांगून गेला, फरदड ठेवू नका. म्हणजे काय, तर आणखी एक-दोन वेचे मिळतील या आशेने लोक उन्हाळ्यापर्यंत कपाशी उभी ठेवतात ना, ती ठेवू नका, उपटून टाका.

आमचं वरचं वावर उशिरा लागलेलं. त्यात अजून अळी दिसत नव्हती, तरी मालक तीच हिरवी पऱ्हाटी उपटत होते. मी डबा घेऊन गेले, तेवढ्यात बांधावरून शेजारचा उत्तम ओरडला, "काऊन बे गज्या, हिरवं उपटून राह्यला? याच्यात तं अळी नाही अजून!"

मालक वाकलेलेच होते. म्हणाले, "आल्यावर उपटून काय फायदा बे?"

आणि तसेच थांबले. हातात पऱ्हाटी, नजर माझ्याकडे. मग जवळ आले, डब्याला हातही लावला नाही.

"त्या कागदावर माही सही कुठं लागते?"

उत्तमला आजही वाटतं की तो कागद कपाशीच्या पंचनाम्याचा होता!

*

दवाखाना ट्रस्टचा होता म्हणून पैशाचं जमलं. ऑपरेशननंतर छातीवर कुणीतरी सरकीचं पोतं ठेवून विसरून गेलंय असं वाटतं. हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. बादली तर सोडाच, भरलेला तांब्याही विचार करून उचलायचा. उताणंच झोपायचं. दोन्ही काखांच्या खालून एकेक नळी बाहेर आलेली, नळीच्या टोकाला चेपता येणारी लहान डबी, तिच्यात लालसर पाणी जमतं. पाचव्या दिवशी सोडलं, तेव्हा नर्स म्हणाली, "गाडीत छातीशी उशी घट्ट धरा, धक्के कमी लागतील." तिने बहुतेक जालन्यापुढचा रस्ता पाहिलेला नसावा!

भाड्याची जीप. पुढे मालक, मागे मी आणि आमच्याकडे मुक्कामाला निघालेली ताई. डिसेंबरची थंडी, म्हणून ताईने उशी दुलईत गुंडाळली आणि माझ्या कवेत दिली. सिंदखेडराजाला ड्रायव्हरने चहाला गाडी थांबवली. चहावाली बाई कप घेऊन खिडकीशी आली आणि आत डोकावली.

"माय वं! एवढ्या थंडीत कायले काढलं लेकराले? किती दिवसाचं हाय?"

ताई शांतपणे म्हणाली, "पाच दिवसाचं."

"रडत कसं नाही?"

"बापावर गेलं. तोंडच उघडत नाही!"

मालक पुढे चहा पीत होते. त्यांनी त्यावरही तोंड उघडलं नाही. चहावालीने उशीवरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "दृष्ट नको लागाले."

मी हसले. हसल्यावर टाके ओढले जातात हे नर्सने सांगितलंच नव्हतं. मग मी रडायला लागले आणि दुसरबीडपर्यंत रडत होते. मालकांना वाटलं, टाक्यांमुळेच.

*

आमच्या गावात बाई दिवसाढवळ्या बाजेवर दिसली की त्याची दोनच कारणं. एक तर ताप, नाहीतर बाळंतपण. ताप नाही म्हटल्यावर मला गावाने बाळंतीण ठरवून टाकलं! दुर्गा, माझ्या अंगणवाडीची मदतनीस, बाजेखाली शेगडी ठेवून गेली. कुणी कानाला रुमाल बांधला. कुणी डिंकाचे लाडू आणले, कुणी मेथीचे. दुखण्याच्या गोळ्यांनी माझं पोट आधीच दगड झालेलं. दवाखान्यातून पोट साफ व्हायचं औषध का दिलं होतं, ते लाडवांनंतर समजलं.

दोन दिवसांनी सासूबाई स्वतः वाटी घेऊन आल्या. ऑपरेशन ठरल्यापासून त्या माझ्याशी धड बोलल्या नव्हत्या. वाटीत गरम अळिवाची खीर, वर तूप. मी आणि ताईने एकमेकींकडे पाहिलं. अळीव कशासाठी देतात, हे सगळ्या गावाला शिकवणाऱ्या आम्हीच. अंगावरच्या दुधासाठी!

ताई हळूच म्हणाली, "मावशी, अळीव?"

सासूबाईंचा हात मधेच थांबला. त्यांनी माझ्या छातीकडे पाहिलं, मग वाटीकडे पाहिलं, आणि मटकन खाली बसल्या.

"चुकलं वं बाई माह्यं. बाई बाजेवर पडली का मले एवढंच रांधता येते."

मी ती खीर सगळी खाल्ली. अर्ध्यावर हात भरून आला, तर उरलेली सासूबाईंनी चमच्याने भरवली. माझ्या दोन्ही बाळंतपणांत त्यांनी मला कधी भरवलं नव्हतं.

*

नळ्यांच्या डब्या सकाळ-संध्याकाळ रिकाम्या करायच्या आणि किती एमएल निघालं ते लिहून ठेवायचं, हे काम ताईचं. डब्या लोंबून ओढ लागू नये म्हणून तिने माझ्या कमरेला कापूस वेचायची ओटी बांधली आणि दोन्ही डब्या तिच्यात टाकल्या. म्हणाली, "अवंदा कापूस तं काही आला नाही हिच्यात."

सेविकेला नुसते आकडे लिहून चैन पडत नाही. ताईने पोरांच्या वजनाचा छापील तक्ता घेतला, त्याच्यावरच रोजचे ठिपके मांडले, रेघ ओढली आणि तक्ता बाजेच्या वर भिंतीला चिकटवला; रोज काढायची, ठिपका मांडायची, परत चिकटवायची. आम्हाला वर्षानुवर्षं एकच शिकवलंय. रेघ वर गेली की आनंद, खाली आली की धावपळ. इथे सगळं उलटं होतं. चोवीस तासांत तीस एमएलच्या खाली, तेही लागोपाठ दोन दिवस, मगच नळी निघणार होती.

नवव्या दिवशी मी शहाणपणा केला. घरात कुणी नाही बघून चार भांडी घासली आणि पाण्याची कळशी उचलली. संध्याकाळी रेघ सणकन वर! नेमकी तेव्हाच रेहानाबाजी भेटायला आली. बाजी आमच्यात सगळ्यात जुनी सेविका. आल्या आल्या तिची नजर सवयीने भिंतीवर गेली.

"माशाल्लाह! काय वाढ हाय! सीधी हिरव्या पट्ट्यात जाऊन राह्यली. कोणाचं लेकरू हाय हे?"

"हिच्या नळीचं," ताई म्हणाली. "अन् बाजी, हे लेकरू कुपोषित झालं तवाच सुटी भेटते!"

बाजीला सगळं समजावून सांगितलं. हसता हसता तिने डोळे पुसले आणि तिथेच ओंजळ पसरली. "या अल्ला, इले लवकर लाल पट्ट्यात टाक!" सगळी नोकरी पोरांना लाल पट्ट्यातून वर काढण्यात गेलेली बाई. वरच्यालाही प्रश्न पडला असेल, आज हिला झालं तरी काय!

बाजीची दुआ लागली. बाराव्या-तेराव्या दिवशी रेघ तळाला गेली, चौदाव्या दिवशी नळ्या निघाल्या. घरी आल्यावर मी तो तक्ता भिंतीवरून काढला, तर मागच्या बाजूला पेन्सिलीने आणखी एक रेघ होती, बाजूला किलोचे आकडे. ताई रोज अंगणवाडीच्या काट्यावर स्वतःचं वजन करत होती. ती रेघही खालीच आली होती.

मी तक्ता होता तसा परत चिकटवला.

*

नळ्या निघाल्यावर पहिली पूर्ण आंघोळ. तोवर ताई ओल्या फडक्यानेच अंग पुसायची आणि मी छताकडे बघायचे. त्या दिवशी तिने कपाटाजवळचा मोठा आरसा उचलून आणला. धापा टाकत. आणून माझ्यासमोर भिंतीला टेकवला.

"पाह्य."

"नको."

"एकदाचं पाहून घे. मंग रोज भेव वाटत नाही."

पाहिलं. दोन बुटके उंचवटे, एक थोडा वर, एक थोडा खाली. मधून आडव्या टाक्यांच्या रेघा. कातडी कुठे निळी, कुठे पिवळी. बोंडी नाहीत. दवाखान्यात सगळं चित्र काढून समजावलं होतं, मी मान डोलावून हो हो म्हणाले होते. पण चित्रात मी नव्हते ना! मी ढसाढसा रडले. दोन पोरांना पाजलं होतं मी, आणि त्या जागेची आता खूणसुद्धा नव्हती.

ताईने समजूत घातली नाही. तिने आपल्या ब्लाउजची बटणं काढली आणि माझ्याशेजारी आरशासमोर उभी राहिली. तिची डावी बाजू सपाट, जुना व्रण काखेपर्यंत गेलेला. तिने आरशात बोटाने मोजलं.

"तुह्ये दोन, माह्यं एक. चारातले तीन राह्यले. बोंडअळीच्या साली कोणाच्या वावरात एवढं राह्यलं, सांग बरं?"

मला त्या दिवसांत एकाच गोष्टीची लाज वाटायची. मी धडधाकट होते आणि झोपून होते. ती आजारी होती आणि माझी वेणी घालत होती. हे मी तिला बोलून दाखवलं. ती कंगव्यातले केस काढत म्हणाली, "मान सरळ ठेव."

*

संक्रांतीनंतर घरी हळदीकुंकू ठेवलं. मी नको म्हणत होते, सासूबाईंनीच ठेवलं. गावच्या बाया आल्या. प्रत्येकीची नजर आधी माझ्या कपाळावर, मग हळूच खाली, मग पटकन तिळगुळावर. उत्सुकता सगळ्यांना, विचारायची हिंमत कुणाला नाही!

भिंतीशी खाली दोघी बसल्या होत्या. विधवा म्हणून बाजूला बसलेली ताई आणि तिच्याशेजारी पार्वता बुढी, तीही विधवा, गावातली सगळ्यात म्हातारी बाई. बुढीला कसली भीड! तिथूनच खणखणीत आवाजात म्हणाली, "वंदे, दोन्हीबी काढले काय?"

"हाव आजी."

"मंग हे काय दिसते?"

मी सांगितलं, आत रबराच्या पिशव्या ठेवल्यात, दर काही दिवसांनी सुईने त्यात पाणी भरतात. कातडी सैल झाली की त्या काढून कायमचं बसवतात.

"कसलं पाणी?"

"मिठाचं आजी. सलाईनचं."

बुढी विचारात पडली. "लोणारच्या तळ्याचं काय?"

असा हशा पिकला की दुर्गाच्या हातातलं तबक खाली पडलं! मी दोन्ही हातांनी छाती धरली. बुढी मात्र रागावली.

"हसता कायले? एवढं खारं पाणी हाय तठी, ना प्यायले ना पिकाले. येऊ द्या ना एखाद्या बाईच्या कामी!"

निघताना बाया उभ्या राहिल्या. दुर्गाने माझ्या हातात करंडा दिला. माझा हात खांद्याच्या वर जात नव्हता, उभ्या बायांच्या कपाळापर्यंत तो पोचेना. भिंतीशी खाली बसलेल्या दोघींच्या कपाळाला मात्र बरोबर पोचत होता. मी त्यांना लावलं. आधी ताईला, मग बुढीला. हात वर करायचा नाही असं डॉक्टरांनीच सांगितलेलं, त्याला गाव काय करणार!

*

पहिल्यांदा पाणी भरायला औरंगाबादला गेलो, त्याच दिवशी ताईचाही फोटो काढायचा होता, फुफ्फुसाचा. दोघी एका बाकावर. नर्स दारात आली.

"पेशंट आत या. नातेवाईक बाहेर थांबा."

दोघी उठलो.

"अहो, पेशंट कोण?"

"दोघी," ताई म्हणाली.

"मग नातेवाईक कोण?"

"दोघीच!"

नर्सने दोघींना आत सोडलं. आत डॉक्टर सुई तयार करत होते. सुई टोचली तर कळणार नाही, पण दोन दिवस आवळल्यासारखं होईल, असं त्यांनी समजावलं. मग म्हणाले, "हळूहळू भरत जाऊ. शेवटी केवढं हवंय ते तुम्ही सांगायचं."

मी लाजून ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली, "आमच्या मायेवढे करा."

डॉक्टर हसले. "त्यांना मी पाहिलेलं नाही, बाई."

"आम्हीबी नाही पाह्यलं, साहेब," ताई म्हणाली. "मरेपर्यंत तिनं पदर काढला नाही."

*

एक गोष्ट दवाखान्यात ऑपरेशनच्या आधीच सांगितली होती. छातीवरच्या कातडीला आता काही समजणार नाही. गरम, गार, कुणी हात ठेवला तरी. कदाचित थोडं परत येईल, कदाचित कधीच नाही. ताई तेव्हा शेजारीच बसली होती. तिने डॉक्टरांना तीन-तीनदा विचारून घेतलं, "काहीच नाही समजत? अजिबात?"

नंतर घरी तिचा तो खेळच झाला होता. मी डोळे मिटायचे, तिने बोट टेकवायचं.

"अठी समजते?"

"नाही."

"अन् अठी?"

"नाही."

"अठी?"

"हाव, तिथं समजलं." ती जागा बरगड्यांच्या खाली, पोटावर असायची.

मार्चमध्ये मी कामावर परत जायची तयारी करत होते आणि ताईला उताणं झोपता येईना. पडली की दम लागायचा. आडवं झालं की छातीत पाणी चढल्यासारखं व्हायचं तिला. मग दुपारी मी भिंतीला टेकून बसायचे आणि ती माझ्यावर रेलून बसायची. तेवढीच तिला झोप लागायची. आमच्यात ती मोठी. लहानपणापासून मीच तिच्या मांडीवर झोपलेली. आता तिचं ओझं चिमणीएवढं झालं होतं.

ताईला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. माय गेली तेव्हा नाही, भाऊजी गेले तेव्हा नाही, स्वतःचं परत निघालं तेव्हाही नाही. आमच्या बीटमध्ये ती गोष्ट प्रसिद्ध होती. कुणाच्या घरी काही झालं की बाजी म्हणायची, "शोभाले बोलवा, तिच्यासमोर बाकीच्याइले रडता येते."

त्या दुपारी ती अशीच माझ्या छातीवर डोकं ठेवून होती, तोंड आतल्या बाजूला. बाहेर सासूबाई गहू निवडत होत्या. मला वाटलं, ताईला झोप लागली. मी तिच्या केसांवरून हात फिरवत बसले होते. किती वेळ गेला कोण जाणे. आणि मग माझ्या पोटावर, बरगड्यांच्या खाली, काहीतरी ओलं लागलं. कोमट.

मी खाली पाहिलं. माझं झंपर छातीपासून पोटापर्यंत भिजलं होतं.

"ताई," मी म्हणाले, "रडून राह्यली काय वं तू?"

ती एकदम दचकली. डोकं वर न उचलता, जवळजवळ रागावूनच म्हणाली,

"तुले कसं समजलं? अठी तं तुले काहीच समजत नाही ना!"